खालच्या थरातला जो

प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतोच. कोपऱ्यातलं डेस्क, स्टीलचा डबा, वेळेवर येणं, वेळेवर जाणं. कंपनीच्या मासिकात त्याचा फोटो येत नाही, ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’च्या फ्रेममध्ये तो कधीच दिसत नाही. पण तो आठवडाभर सुट्टीवर गेला, की तिसऱ्या दिवशी कुणीतरी ओरडतं, “अरे, हे काम करत कोण होतं आत्तापर्यंत?”

आज अशाच एका माणसाची गोष्ट. फरक इतकाच, की त्याची उंची सहा फूट पाच इंच, वजन १३८ किलो आणि ऑफिस म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं मैदान. नाव जो बर्गर. ऐकलं नसेल. काळजी करू नका, अमेरिकेतही बऱ्याच लोकांनी ऐकलेलं नाही. आणि तरीही या माणसाने अमेरिकेतल्या सगळ्यात निर्दय नोकरीत १३ सीझन काढले. अप्रेझलच्या दिवसांत पोटात गोळा येणाऱ्या समस्त मंडळींनी हे जरा समजून घ्यायला हरकत नाही.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हा आपला मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही. इथे बॉल अंडाकृती आणि पायाचं काम थोडंच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बहुतेक वेळा बॉल समोरच्याकडे. सगळं ग्लॅमर क्वार्टरबॅकला. तो बॉल फेकतो, जाहिराती करतो, पुढे टीव्हीवर एक्स्पर्ट होतो. पण बॉल फेकायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात समोरून दीडशे-दीडशे किलोचे लोक त्याच्या अंगावर धावून येत असतात. त्यांना अडवायला पुढे पाच जण उभे असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकांना टॅकल. या पाच जणांची मिळून झाली ‘ऑफेन्सिव्ह लाइन’.

अजून सोपं करायचं तर दहीहंडी आठवा. पेपरात फोटो येतो तो हंडी फोडणाऱ्या चिमुरड्या गोविंदाचा. खालच्या थरात मान खाली घालून, एकमेकांच्या खांद्यांना घट्ट धरून उभे असलेले पैलवान फोटोत दिसतात ते फक्त पाठमोरे. थर कोसळला, की मात्र पहिला सवाल, “खालून कोण हललं रे?”

लाइनमनचं अगदी हेच. नियमच असा आहे, की एरवी या पाच जणांनी पुढे फेकलेला बॉल झेलायचा नाही. त्यामुळे धावा नाहीत, गोल नाहीत, रेकॉर्ड नाहीत. क्वार्टरबॅकच्या नावापुढे आकड्यांचा ढीग असतो, लाइनमनच्या नावापुढे फक्त ‘किती सामने खेळला’. अख्ख्या सामन्यात त्याची ओळख जाहीर व्हायची एकच वेळ. त्याने चूक केली, की रेफरी माइक चालू करतो आणि सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं सांगतो, होल्डिंग, अमुक नंबर, दहा यार्डांचा दंड. म्हणजे काम चोख केलंत तर कुणाला पत्ता नाही, चुकलात तर लाउडस्पीकरवर. टेस्टिंग, नेटवर्क सपोर्ट किंवा अकाउंट्सवाल्या मंडळींना हे वाचून ओळखीचं वाटलं असेल तर नवल नाही.

आता आपला जो. मिशिगन राज्यातल्या एका लहान गावात वाढलेला मुलगा. कॉलेज कुठलं, तर मिशिगन टेक. आपल्या भाषेत सांगायचं, तर आडगावचं पण नाणावलेलं इंजिनीअरिंग कॉलेज. १८८५ मध्ये खाणकाम शिकवण्यासाठी सुरू झालेलं. गाव होटन, थेट लेक सुपीरियरच्या बाजूला. तिथे वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. म्हणजे पाच मीटरच्या वर! अशा ठिकाणी फुटबॉलचे स्काऊट सहसा फिरकत नाहीत. अमेरिकन कॉलेजांच्या खेळात वरची फळी ‘डिव्हिजन वन’, मिशिगन टेक खालच्या ‘डिव्हिजन टू’मध्ये. त्यात २००३ मध्ये कॉलेजने पैसे नाहीत म्हणून फुटबॉलची टीमच बंद करायचं जाहीर केलं. माजी विद्यार्थ्यांनी आणि गावच्या लोकांनी पैसे उभे केले तेव्हा ती वाचली. म्हणजे भाऊसाहेबांचं करिअर सुरू होण्याआधीच त्यांचं डिपार्टमेंट बंद पडायला आलं होतं!

दरम्यान जो मेकॅनिकल इंजिनीअरिंगची डिग्री घेत होता. खरीखुरी, थर्मोडायनॅमिक्सवाली डिग्री. लाइनमनच्या कामात ती फुकट गेली असंही म्हणवत नाही. या खेळातल्या कोचांचं आवडतं सूत्र असं, की जो खाली राहील तो जिंकेल. वजनापेक्षा गुरुत्वमध्य महत्त्वाचा. समोरच्याच्या छातीखाली हात घालून त्याला किंचित वर उचललं, की त्याचे दीडशे किलो त्याच्याच विरुद्ध काम करायला लागतात. फर्स्ट इयरला तरफेचं गणित ज्यांनी रटून पास केलं, त्यांनी हे हेल्मेट घालून करून बघावं.

२००५ साली एनएफएलचा ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे आपलं कॅम्पस प्लेसमेंटच. सात फेऱ्या, त्या वर्षी एकूण २५५ पोरं उचलली गेली. जो बर्गर सहाव्या फेरीत, २०७ व्या नंबरावर. कॅरोलायना पँथर्सने घेतला. पार्टी वगैरे झाली असणार. पण एनएफएलमध्ये ऑफर लेटर हातात आलं म्हणजे नोकरी लागली असं नसतं. उन्हाळ्यात प्रत्येक टीम भरपूर माणसं कॅम्पला बोलावते आणि सीझन सुरू होण्याआधी ५३ जणांवर येते. बाकीचे घरी. त्या दिवसांत कॅम्पमध्ये एक कर्मचारी फिरत असतो, खेळाडूंनी त्याला ‘टर्क’ असं नाव ठेवलंय. त्याने दार वाजवलं आणि म्हणाला, कोचने बोलावलंय, प्लेबुक बरोबर घेऊन ये… की संपलं. प्लेबुक परत घ्यायचं असतं ना! आपल्याकडे एचआरची मुलगी लॅपटॉप आणि आयकार्ड जमा करून घेते, तसंच.

नवख्या खेळाडूला सोडलं, की त्याचं नाव ‘वेव्हर्स’वर जातं. मग बाकीच्या टीम त्याला उचलू शकतात, त्यातही ज्यांची कामगिरी सगळ्यात वाईट त्यांचा नंबर आधी. बर्गरला कॅरोलायनाने त्याच वर्षी सोडलं आणि मायामी डॉल्फिन्सने उचललं. पुढच्या वर्षी मायामीही सुटलं, डल्लास काउबॉइज आले. नोकरी लागून दोन वर्षं होत नाहीत तोवर तिसरी कंपनी, तिसरं शहर.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. ऐकताना वाटतं, जर्नी म्हणजे प्रवास, गावोगाव फिरणारा तो जर्नीमन. मुळात तसं नाही. या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधला ‘दिवस’ आहे. शिकाऊपण संपलेला, काम उत्तम येणारा, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि रोजावर राबणारा कारागीर, तो जर्नीमन. आपल्या गिरणगावात यालाच जवळचा शब्द होता, ‘बदली कामगार’. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर आजचा दिवस आपला, तो आला तर परत खोलीवर. साचा चालवता येतो की नाही हा प्रश्नच नसे. येत असेच. प्रश्न असायचा, आज जागा आहे का?

बर्गरने पुढची कित्येक वर्षं हेच केलं. डल्लासमध्ये त्याच्या पुढे आंद्रे गुरोड नावाचा सेंटर होता, ऑल-स्टार दर्जाचा. या धंद्यातला धोका काय असतो ते गुरोडवरूनच कळावं. ऑक्टोबर २००६ मधल्या एका सामन्यात तो खाली पडलेला, हेल्मेट निघालेलं, आणि समोरच्या टीमच्या अल्बर्ट हेन्सवर्थने खिळेवाल्या बुटाने त्याचं डोकं तुडवलं. गुरोडला टाके पडले, हेन्सवर्थवर पाच सामन्यांची बंदी आली. तोच गुरोड पुढची कित्येक वर्षं सेंटर म्हणून खेळत राहिला. म्हणजे बदली कामगाराची जागा काही रिकामी झाली नाही.

पण डल्लासमध्ये एक गोष्ट घडली, जिचं महत्त्व तेव्हा कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. तिथे ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच होता टोनी स्पॅरानो. गडद चष्मा लावणारा, स्वतः छोट्या कॉलेजात खेळलेला आणि तिथेच कोच झालेला माणूस. हेड कोच होते बिल पार्सेल्स, हे तर मोठं प्रस्थ. २००७ च्या अखेरीस पार्सेल्स मायामीत सर्वेसर्वा म्हणून आले आणि २००८ मध्ये स्पॅरानो तिथला हेड कोच झाला. आणि २००९ मध्ये मायामीने डल्लासच्या बेंचवरचा एक सेंटर परत आणला. हो, तोच. ज्या कंपनीने २००६ ला नारळ दिला होता, त्याच कंपनीत तीन वर्षांनी पुन्हा जॉयनिंग. कंपनी तीच, पण बॉस बदललेला, आणि बॉसने काम जवळून पाहिलेलं.

आपण ‘नेटवर्किंग’ म्हणजे काय समजतो? कॉन्फरन्समध्ये कार्डं वाटणं, हात मिळवणं, लंचला ‘सहज’ मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाऊन बसणं. बर्गरचं नेटवर्किंग म्हणजे प्रॅक्टिस. रविवारचा सामना दुसराच कुणी खेळणार हे माहीत असताना बुधवारच्या प्रॅक्टिसला नीट उभं राहणं. स्टेडियममधल्या हजारो लोकांपैकी कुणी ते पाहत नाही. पाहतो तो एकटा लाइन कोच.

मायामीत त्या वर्षी टीमने जेक ग्रोव्ह नावाचा सेंटर मोठा करार करून आणला होता. ग्रोव्हला दुखापती झाल्या, २०१० चा सीझन सुरू होण्याआधी टीमने त्याला सोडलं, आणि बदली कामगार कायम झाला. अखेर! पण थांबा. २०११ च्या ड्राफ्टमध्ये मायामीने पहिल्या फेरीत, १५ व्या नंबरावर कुणाला घेतलं? माइक पाउन्सी. खेळायची जागा, सेंटर. तुमच्या खुर्चीवर कॅम्पसमधून टॉपर आणून बसवला, की समजायचं ते समजायचं. त्या वर्षी बर्गर मिनेसोटा व्हायकिंग्समध्ये गेला. वय २९. लाइनमनच्या हिशोबात मध्यमवय उलटायला आलेलं.

मिनेसोटात पुढे जॉन सुलिव्हन. चांगला सेंटर. म्हणजे पुन्हा बेंच. २०१२ मध्ये याच टीमच्या एड्रियन पीटरसनने एका सीझनमध्ये २,०९७ यार्ड धाव काढून अमेरिका डोक्यावर घेतली, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा सुलिव्हन मैदानात आणि बर्गर बाहेर.

इथे एक प्रश्न येतोच. मग टीम अशा माणसाला पगार का देते? याचं उत्तर साध्या गणितात आहे. ५३ जणांपैकी सामन्याच्या दिवशी त्या काळी साधारण ४६ जणच खेळायला उतरवता यायचे. त्यात लाइनमन किती? पाच खेळणारे आणि जादा दोन, फार तर तीन. म्हणजे पाच खुर्च्यांसाठी दोन-तीन राखीव. ज्याला फक्त एकच जागा येते तो राखीव म्हणून परवडतच नाही. ज्याला सेंटर येतो, डावा गार्ड येतो, उजवाही येतो, तो एका पगारात तीन माणसांचं काम करतो. आणि उजवीकडून डावीकडे जाणं म्हणजे नुसतं जागा बदलणं नसतं. पुढचा पाय बदलतो, कुठला हात आधी मारायचा ते बदलतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उद्यापासून डाव्याने लिहायला सांगावं, तेही परीक्षेत.

सेंटरचं काम तर डोक्याचं. समोरची मांडणी वाचायची, कोण अंगावर येणार याचा अंदाज करून बाकीच्या चौघांना ओरडून सांगायचं, दोन पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा, आणि तो हात परत वर यायच्या आत समोरून धडक बसलेली असते. सगळा मामला काही सेकंदांचा. मग उठायचं आणि पुन्हा तेच. सामन्यात साठ-सत्तर वेळा.

२०१५ उजाडलं. सुलिव्हनची पाठ गेली, शस्त्रक्रिया झाली. बर्गर ३३ वर्षांचा. एवढ्यात बरेच लाइनमन निवृत्त होऊन हॉटेल किंवा गाड्यांचं शोरूम चालवत असतात. हा माणूस सेंटरला उभा राहिला आणि सगळे १६ सामने सुरुवातीपासून खेळला. त्याच्या मागून धावत पीटरसनने १,४८५ यार्ड काढले, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त. टीमने ११ सामने जिंकले, शेवटच्या सामन्यात ग्रीन बेला त्यांच्याच मैदानावर हरवून आपला गट जिंकला. खेळाचे बारकावे जाणणाऱ्यांच्या याद्यांमध्ये पहिल्यांदाच या ६१ नंबरवाल्याचं नाव वर यायला लागलं. नोकरीच्या अकराव्या वर्षी!

एखाद्या हिंदी सिनेमात इथे बॅकग्राउंड म्युझिक सुरू झालं असतं. प्रत्यक्षात काय झालं? १० जानेवारी २०१६, सिअॅटलविरुद्ध बाद फेरीचा सामना. उघडं मैदान, तापमान उणे २१ सेल्सिअस. स्कोअर १०-९, मिनेसोटा एका गुणाने मागे, शेवटचे काही सेकंद. लाइनने ढकलत ढकलत टीमला पार समोरच्या दारात आणून ठेवलं. आता फक्त २७ यार्डांवरून किक मारायची. डोळे मिटून व्हावी अशी. ब्लेअर वॉल्शने मारली… आणि बॉल डावीकडून बाहेर. खेळ खल्लास. गंमत म्हणजे टीमचे नऊच्या नऊ गुण वॉल्शनेच मिळवून दिले होते. त्याला नंतर पहिलीतल्या मुलांनी धीर देणारी पत्रं पाठवली. लाइनमनला पत्रं कोण पाठवणार? त्यांनी काही चुकीचं केलंच नव्हतं.

इथपर्यंत वाचून ‘वा, मेहनतीला फळ मिळतंच’ असं म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा. ही गोष्ट इतकी गोड नाही.

एक तर नशीब. बर्गरच्या दोन्ही मोठ्या संधी दुसऱ्याच्या दुखापतीतून आल्या. ग्रोव्ह धडधाकट राहिला असता, सुलिव्हनची पाठ शाबूत असती, तर तितकीच प्रॅक्टिस, तितकीच शिस्त, आणि ही गोष्ट लिहायला कुणी घेतली नसती. खेळाडूंच्या संघटनेने सांगितलेला आणि अमेरिकेत नेहमी ऐकू येणारा आकडा असा, की एनएफएलमधलं सरासरी करिअर तीन-साडेतीन वर्षांच्या आसपास. पेन्शनचा हक्क मिळायला तीन सीझन लागतात. म्हणजे कित्येक पोरं पेन्शनच्या उंबरठ्यावरूनच घरी जातात. ‘टर्क’ने ज्यांची दारं वाजवली त्यातलेही अनेक जण बुधवारच्या प्रॅक्टिसला नीटच उभे राहिले असतील. आपल्याला तेरा वर्षं टिकलेला एक दिसतो, आणि पहिल्याच ऑगस्टला परत गेलेले शेकडो दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट शरीराची. बर्गर ज्या वर्षी ड्राफ्ट झाला, त्याच २००५ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात ज्याच्या मेंदूचा अभ्यास होता तो होता माइक वेब्स्टर, पिट्सबर्गचा दिग्गज खेळाडू, चार सुपर बोल जिंकलेला, २००२ मध्ये पन्नाशीत वारलेला. मैदानावरची त्याची जागा? सेंटर. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धडकांनी मेंदू आतून पोखरला गेला होता. या आजाराला सीटीई म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात एनएफएल खेळाडूंचे दान केलेले १११ मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई सापडला. अर्थात, ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी प्रामुख्याने मेंदू दिले असणार, त्यामुळे हे प्रमाण सगळ्यांना लावता येत नाही. पण झोप उडवायला तेवढं पुरेसं आहे. बाल्टिमोरचा गार्ड जॉन अर्शेल एकीकडे एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. हा अभ्यास आल्यानंतर दोनच दिवसांत त्याने वयाच्या २६ व्या वर्षी खेळ सोडला. त्याला गणित जमत होतं.

म्हणून ‘टिकून राहा, कंपनी एक दिवस दखल घेईल’ हा सल्ला मी तरी बर्गरच्या नावाने देणार नाही. कंपनी दखल घेत नसते. कॅरोलायनाने घेतली नाही, मायामीने एकदा सोडलं आणि दुसऱ्यांदा टॉपर आणला. दखल माणूस घेतो. स्पॅरानोने घेतली. म्हणून बर्गरच्या करिअरचा नकाशा काढायचा तर शहरांच्या नावांनी काढून उपयोग नाही, माणसांच्या नावांनी काढावा लागेल.

आणि या नकाशावर स्पॅरानो अजून एकदा येतो. मायामीने त्याला २०११ मध्ये सीझन संपायच्या आतच काढलं. हेड कोचलाही ‘टर्क’ भेटतोच! पुढे इकडे-तिकडे नोकऱ्या करत तो २०१६ मध्ये मिनेसोटाला आला. कुठल्या पदावर? ऑफेन्सिव्ह लाइन कोच. डल्लासमध्ये होता तेच पद. लाइनमध्ये पहिली ओळखीची दाढी कुणाची, ते सांगायला नको. दहा वर्षांत तिसरी कंपनी, आणि तोच बॉस, तोच कामगार. एक हेड कोच होऊन परत खाली आलेला, एक बेंचवरून वर आलेला.

२०१७ मध्ये टीमने पॅट एल्फ्लाइन नावाचा तरुण सेंटर ड्राफ्ट केला. पुन्हा तीच कथा. पण आता बर्गरला बाहेर काढणं टीमला परवडणारं नव्हतं. ३५ वर्षांचा गडी उजव्या गार्डला सरकला, शेजारी नवा पोरगा सेंटरला. ज्याने आपली खुर्ची घेतली त्याच्याच खांद्याला खांदा लावून वर्षभर उभं राहायचं. हे अवघड की उणे २१ मध्ये खेळणं अवघड, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्या वर्षी टीमने १६ पैकी १३ सामने जिंकले.

त्याच सीझनमधली १४ जानेवारी २०१८ ची ती क्लिप यूट्यूबवर आहे, ‘मिनियापोलिस मिरॅकल’ नावाने. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध शेवटचे दहा सेकंद, मिनेसोटा एका गुणाने मागे, केस केनम लांब बॉल फेकतो, स्टेफॉन डिग्ज हवेत झेलतो, तोल सावरतो आणि ६१ यार्डांचा टचडाउन! पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाने त्यांना ३८-७ असं धुतलं, म्हणजे सुपर बोल हुकलाच, आणि तोही त्या वर्षी मिनियापोलिसमध्येच होता. मार्चमध्ये जो बर्गरने निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी जुलैमध्ये, नव्या सीझनचा कॅम्प सुरू व्हायला काही दिवस असताना, टोनी स्पॅरानो अचानक गेला. वय ५६.

ती क्लिप कधी बघितलीत तर एक करा. सगळे डिग्जकडे बघतात, कॅमेराही बॉलच्या मागे जातो. तुम्ही बॉल सुटायच्या आधीची दोन-तीन सेकंदं बघा, केनम हात मागे नेतोय तेवढीच. त्याच्या पुढे पाच पाठमोरे लोक उभे असतील. सेंटरच्या उजवीकडचा, ६१ नंबरचा, तो आपला जो. कोपऱ्यातल्या डेस्कवाल्याला दाखवा ही क्लिप. तो आधी तिकडेच बघेल.